गोजरबाईनं पुरलेलं मडकं

गोजरबाई गल्लीत शिरली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. जुन्नरच्या नगरपालिकेच्या बागेत बावीस वर्षं पाइप धरून पाणी मारलेली बाई. गळा असा, की माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावा! यंदा पालिकेनं घरोघरच्या बागांचं पाणी वाचवायची योजना काढली आणि शिकवायला तिलाच धाडलं. काखोटीला बेल्ह्याच्या कुंभाराकडचं कोरं मडकं घेऊन ती निघाली.

गफूरचाचांच्या अंगणात ती थबकली. चाचांच्या बायकोनं, आमिनानं, लग्नाच्या वर्षी लावलेला देशी गुलाब पिवळा पडला होता. आमिना जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हापासून पाचही नमाजांआधी चाचा त्या बुंध्याशीच बसून वजू करत. ते हातपाय धुतल्याचं पाणी पायदळी जाण्यापेक्षा झाडाच्या मुखी लागावं, एवढीच भावना.

"तहानलाय बिचारा," चाचा म्हणाले.

गोजरबाईनं मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं. कुजका वास! "तहानला न्हाई चाचा, बुडतोय. मुळं सडल्यात."

चाचांचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच मारतोय त्याला?"

"जास्त झालं, इतकंच. मानसाला तरी दिवसातनं पाच डाव जेवन पचतं व्हय?"

भिंतीपलीकडून शेजारीण साळुबाईनं तोंड घातलं, "चाचा, हिचं ऐकाल तर झाडाचं सरपन व्हईल! जल्मभर बागंत पाइप मोकळा सोडून बसायची, अन् आता आमाला शिकवतीय."

"व्हय गं बाई, बसायची. माज्याच हातनं किती झाडं सडली, म्हनून तर वास वळखला!"

तिनं सडकी मुळं छाटली. बुंध्यापासून वीतभर लांब मडकं गळ्यापर्यंत पुरलं, पाण्यानं भरलं, वर झाकणी ठेवली. "आता वजू त्या कोपऱ्यातल्या सीताफळाखाली करा. चार दिसांनी मडकं भरा. बुंध्याला थेंब न्हाई."

आठवड्यात राहिलेली पानंही गळली. नुसत्या काटेरी काड्या. चाचांनी तिच्याशी बोलणं टाकलं. गोजरबाई मात्र काही ना काही निमित्त काढून रोज त्या गल्लीतून जायची, चोरट्या नजरेनं फाटकातून बघायची. दुसरा गुलाब कुठूनही आणून देता आला असता. आमिनाच्या हातचा कुठून आणायचा?

दीड महिन्यानं चाचाच पालिकेच्या बागेच्या दारात उभे राहिले. "चल," म्हणाले. एवढंच.

अंगणात पोचली आणि बघतच राहिली. काड्यांवर तांबूस कोंब! ओठांसारखे ओले, कोवळे.

"मडकं तर फुटलं न्हाई, भोक बी न्हाई," चाचा हळूच म्हणाले. "पानी जातं कसं?"

गोजरबाईनं माती सैल केली, मडक्याच्या अंगाला लागून हात खाली सारला. मग चाचांचा हात धरून तिथं नेला. त्यांच्या बोटांना दोऱ्याहून बारीक मुळं लागली. शेकडो. सगळी मडक्याला बिलगलेली, त्याच्या अंगातून झिरपणारी ओल पीत असलेली.

"या अल्ला! आंधळी मुळं ही. मडकं हितं हाय, हे त्यांना सांगितलं कुनी?"

पालिकेनं योजनेसाठी घेतलेल्या शिबिरात हे काही शिकवलं नव्हतं. गोजरबाईनं आपलीही बोटं पुन्हा त्या मुळांशी नेली. भिंतीवरून साळुबाई विचारत होती, "अगं, झालं काय?" पण मातीत हात घालून बसलेल्या त्या दोघांतलं कुणीच वळलं नाही.