खेकड्यांना त्रास देऊ नये

तमाम गल्लीकर, भावकी, पैपाहुणे, दूध घालणारे व दूध नेणारे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या मागल्या खोलीत दोन खेकड्यांनी मुक्काम केला असून, ते नव्या जागेत रुळेपर्यंत सदर खोलीत कोणीही पाऊल टाकू नये, मोठ्याने बोलू नये, आणि रस्सा कधी आहे अशी चौकशी तर मुळीच करू नये.

ही घोषणा मी आमच्या दारात उभी राहून, एक हात कमरेवर ठेवून, खरोखर केली होती. लहानपणी गल्लीच्या गणपतीत नाटकात कामं केलेली बाई मी. आवाज लावला की कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातो. लोक हसले, मीही हसले. आता ती घोषणा आठवली की पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटतो.

मुलाचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. सून पुण्याची, एकुलती एक, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिथं म्हणे शेजारीण फोन केल्याशिवाय बेल वाजवत नाही. आमच्याकडं फोन लागला नाही म्हणून माणूस घरी येतं, आणि लागला तर "निघालोच बघा" म्हणून येतं. पोरगी गोड आणि शांत. विचारलेल्याचं उत्तर द्यायची आणि ओठ मिटायची. मुलगा एमआयडीसीत पाळीला जायचा, त्यामुळं दिवसभर घरात मी, आमचे हे, लॅपटॉपवर काम करणारी ती, आणि माझा आवाज. मला एकच घोर लागला होता, ही इथं रमेल का?

लग्नाआधी तिनं शंखातले खेकडे पाळले होते आणि इथं येताना ते मैत्रिणीकडं ठेवून आली होती. हे ती एकदाच बोलली. मुलानं लक्षात ठेवलं, रंगीत मासे विकणाऱ्याच्या दुकानात सांगून ठेवलं आणि एका संध्याकाळी दोन खेकडे घेऊन दारात उभा राहिला. लिंबाएवढे शंख पाठीवर, आत पाय ओढून बसलेले. म्हटलं, तसंच थांब. भाकरतुकडा आणला, ओवाळून टाकला, दारात तांब्याभर पाणी ओतलं, डब्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. सुनेलाही असंच घरात घेतलं होतं. तेव्हा ती घाबरून उंबऱ्याकडं बघत होती. आज ती भिंतीला टेकून हसत सुटली. आमच्या घरात तिचं हे पहिलं मोकळं हसू. मी मनात गाठच मारली, हे खेकडे जगले तर ही रमली.

मग तिनं मला शिकवलं. मागल्या खोलीत, गव्हाच्या पिंपाशेजारी, काचेची पेटी मांडली. तळाला चांगली वीतभर ओली वाळू, त्यात नारळाच्या काथ्याचा भुगा कालवलेला, मुठीत दाबला तर लाडू वळावा इतका ओला. दोन वाट्या पाणी, एक गोड आणि एक खारं. नळाचं पाणी आणलं तसं ओतायचं नाही, औषधाचा वास जाईपर्यंत उघडं ठेवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, माशांच्या दुकानातलं लागतं. बाजूला थोडे मोठे रिकामे शंख ठेवायचे, अंगावरचा घट्ट झाला की खेकडा स्वतःच बदलतो. वर झाकण, म्हणजे आतली ओल आत राहते. मी सगळं मन लावून केलं आणि विचारलं,

"आणि आता?"

"आता काही नाही, आई."

"काही न्हाई म्हणजे?"

"आता त्यांना सोडून द्यायचं. नवीन जागेत घाबरलेले असतात. सारखं उचललं, येईल त्याला दाखवलं, की आतच बसून राहतात. खात नाहीत. कधीकधी दगावतात सुद्धा."

आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे त्याला हाकलून दिल्यासारखंच. पाहुणा जरा गप्प बसला की आम्ही त्याच्या ताटात अजून एक वाढतो. पण खेकड्यांसाठी मी जन्माची सवय मोडली. दुपारचा मिक्सर बंद. ह्यांच्या टीव्हीचा आवाज इतका बारीक केला, की बातम्या सांगणारी बाई काहीतरी गुपित सांगतेय असं वाटावं. शेजारची वहिनी पेटी बघायला चपला काढून निघाली, तर तिला दंडाला धरून सोप्यात आणून बसवली.

"माझं ऑपरेशन झालं तवा घरात जत्रा भरलीवती," आमचे हे म्हणाले. "मला कुणी झाकण घातलं न्हाई."

"तुम्ही दगावणाऱ्यातले न्हवता," मी म्हटलं.

मग एके सकाळी पेटीत नुसती वाळू. दोघंही गायब. मी वाळू उकरायला चमचा आणायला धावले. सुनेनं माझा हात धरला. "खाली गेलेत, कात टाकायला. अंग मऊ पडलेलं असतं त्यांचं. उकरायचं नाही. झालं की आपले आपण वर येतील." मी चमचा परत ठेवला आणि खोलीवरचा पहारा दुप्पट कडक केला. ते पुढं बऱ्याच दिवसांनी खरोखर वर आले, धडधाकट, खात-पीत. खेकड्यांच्या बाबतीत माझं तसूभरही चुकलं नाही, हे मला इथं नोंदवून ठेवलं पाहिजे.

लग्न घाईत झालेलं, त्यामुळं निम्म्या भावकीनं सून धड पाहिली नव्हती. त्यात खेकड्यांची बातमी पसरली. पन्हाळ्याहून माणसं आली, मलकापूरची आली, भिशीच्या बायका आल्या. प्रत्येकाला दोन्ही बघायचं होतं. मी मागल्या खोलीच्या दारात हात पसरून उभी राहायची. "खेकडं बघाय मिळायचे न्हाईत. बिचारे नवीन हाईत, बुजल्यात. सून बघा की." आणि लगेच हाळी, "अगं ए, ये की बाहेर."

ती यायची. काम अर्धं टाकून, डोक्यावर ओढणी घेऊन. पाया पडायची, चहा द्यायची. भाकरी येते का, पगार किती, इथलं तिखट सोसतं का, गोड बातमी कधी. ती हसून उत्तरं द्यायची. माझा अभिमान उतू जात होता. मी तिला इंग्रजीत बोलून दाखवायला लावलं. एका बाईला तिची वेणी दिसेना, तर मी खांद्याला धरून तिला पाठमोरी वळवली आणि म्हटलं, हे बघा, खोटा केस न्हाई एक. तो खांदा माझ्या हाताखाली कसा ताठ झाला होता, ते मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा मी पाहुणीच्या चेहऱ्याकडं बघत होते.

ती मग सवड मिळाली की मागल्या खोलीत जाऊ लागली. जेवण झालं की तिथं. पाहुणे उठले की तिथं. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "मुक्या जिवाची काय माया हाय पोरीला." काही बायकांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मी त्यावर.

एका रविवारी गगनबावड्याहून ह्यांच्या आत्या आल्या. पिशवीत नाचणी, आणि तोंड असं फटकळ, की ऐकणाऱ्यानं आधी खुर्ची धरावी. सकाळपासून दोन घरची माणसं येऊन गेली होती. मी नेहमीप्रमाणं खेकड्यांचं प्रवचन सुरू केलं.

"गप ए," आत्या म्हणाल्या. "आमच्या वढ्याला पोत्यानं खेकडं. त्ये बघाय यष्टीनं आली व्हय मी? सून कुटं हाय?"

मी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी मारली, जरा नाटकी, स्वर लांबवून.

"निजली आसंल. ऱ्हाऊ दे की."

"निजती कसली, आत्या. खेकड्यांपाशी बसलीया."

"काय करत्यात खेकडं?"

"काय न्हाई. वाळूत गेल्यात. दिसतच न्हाईत सध्या."

"मग ती काय बघत बसलीया?"

इतके दिवस हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. तो चुकवायलाच बहुतेक मी उठले. "चला, आणतोच तिला," म्हणत निघाले, आणि आत्या माझ्या मागं.

दार लोटलेलं होतं. मी ते हळूच उघडलं, खेकड्यांसाठी. खिडकीचा पडदा ओढलेला. पिंप आणि भिंत यांच्या मधल्या जागेत ती फरशीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पेटीकडं तिची पाठ होती. आम्हाला बघताच ती धडपडत उठली, ओढणी डोक्यावर घेतली, आणि बाहेर येताना चेहऱ्यावर असायचं ते हसू लावलं. ते लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अगं, आत्या आल्यात," मी कुजबुजले. त्या खोलीत मी कुजबुजूनच बोलायची. "हितं अंधारात काय करतीस? ते काय एवढ्यात वर यायचे न्हाईत."

तिनं आत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाया पडायला वाकलीसुद्धा. आणि वाकता वाकता अर्ध्यावरच थांबून, खाली बघत, एका दमात बोलून गेली, "तुम्ही इथं कुणाला येऊ देत नाही ना आई, म्हणून मी इथं बसते."