चौथी कॅसेट

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात भिकन पाटील मालाची प्रतवारी करायचे. मिरची मोडून नुसती हुंगली की माल कुठल्या शेतातला, ते सांगणारा माणूस. पण गाव त्यांना ओळखायचं ते गळ्यामुळे. भजनात त्यांनी वरचा सूर लावला की मृदंगवालाही सावरून बसायचा.

शहाऐंशीच्या दिवाळीत ते सुरतेहून टेपरेकॉर्डर घेऊन आले. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, चुलीपुढून हात धरून उठवलं.

"ऐक, ऐक! हाऊ मीच शे ना?"

मग दर गुरुवारी घरात टेपिंग सुरू झालं. कोंबड्या अंगणाबाहेर हाकलायच्या, शेजारच्या भिकुबाईंनी कांडण थांबवायचं, कुणी शिंकायचं नाही. कॅसेट भरली की ते तिच्यावर आकडा टाकत. वच्छलाबाईंना अक्षरं येत नव्हती, आकडे कळत.

शिमगा झाल्यावर एका दुपारी, भिकनभाऊ बाजारात असताना, गहू निवडता निवडता वच्छलाबाईंनी चौथी कॅसेट लावली. आवाज जड, खरखरीत, वर चढताना फाटणारा. सेल उतरले असतील म्हणून त्यांनी नवे घातले. फरक नाही. मग पहिली कॅसेट लावून पाहिली. स्वच्छ, मोकळा गळा. मशीन तेच, सेल तेच. दुसरीत जरा खरखर होती, तिसरीत जास्त. रोज ऐकत असल्यामुळे जे जाणवलं नव्हतं, ते एका दुपारात समोर येऊन बसलं होतं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुमना आवाज बिघडी गया."

"मिरचीनी धूळ शे ती. बठ्ठा बाजारना गळा बसेल शे."

"बाकीसना मोकळा व्हस. तुमना नही व्हयना."

ते हसले. पण त्यानंतर गुरुवारची वाट पाहणं संपलं. ते रोज टेप करू लागले. वरचा सूर आला की थांबायचे, कॅसेट मागे फिरवायचे, पुन्हा म्हणायचे. दार आतून लावून घ्यायचे. वच्छलाबाई दाराबाहेर बसून ऐकत. गाणं तुटे, मग बारीक, दाबलेला खोकला येई, मग बटणाचा खटका. पाणी गिळतानाही ते मान तिरकी करू लागले. दवाखान्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचे.

शेवटी माहेरी जाते म्हणून त्या निघाल्या आणि धुळ्याच्या एसटीत बसल्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मशीन. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, पेशंट कुठे आहे?"

"येत नाही म्हणतात. त्यांचा आवाज आणलाय."

डॉक्टर आधी हसले. पहिली कॅसेट त्यांनी ऐकली. चौथी अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा माणूस विडी ओढतो?"

"दिवसाला विड्यांचे दोन कट्टे."

"उद्या घेऊन या. नाही आला तर मी येतो."

भिकनभाऊ आले, ते डॉक्टर घरी येतील या लाजेनं. घशात गाठ निघाली. मुंबईला नेऊन आवाजाची पेटी काढायची, नाहीतर वर्षही जायचं नाही, असं ठरलं.

"गाणं गयं तर मंग काय उरी?" ते म्हणाले.

"मी उरसू," वच्छलाबाई म्हणाल्या. "माले कोणतं गाणं ऐकाडशात ते मंग पाहू. पहिले मुंबईले चाला."

ऑपरेशन झालं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. आवाज गेला तो गेलाच. धुळीमुळे बाजारही सुटला. काही सांगायचं असलं की ते पाटीवर लिहायचे, आणि वच्छलाबाईंना ते वाचता येत नसल्यानं चिडून पाटी आपटायचे. मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या भिकुबाईंच्या सुनेकडे बाराखडी शिकायला जाऊ लागल्या. पहिल्यांदा अडखळत पूर्ण ओळ वाचली, ती होती, "चहात साखर कमी."

भिकनभाऊ त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या कॅसेटी त्यांनी पुन्हा कधी लावू दिल्या नाहीत.