पाताळाची चित्रं आणि कारा डोंगराची गुहा

सौदीतल्या जुबैलहून हुफूफला जायचं आमचं कधीपासून नुसतं बोलणं चाललं होतं. ठरलं ते एका प्रदर्शनामुळे. दहरानला जुन्या युरोपियन आणि अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं आणि विषय होता निसर्ग, रानं आणि पाताळ. मी इथल्या भारतीय शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा हे चुकवणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी चित्रं, मुक्काम हुफूफला, शनिवारी कारा डोंगरातल्या गुहा, असा बेत मी नवऱ्यापुढे ठेवला. "गुहेत तू जा, मी बाहेर थांबतो," शिरीष म्हणाला.

याचं कारण सांगायला हवं. शिरीष एका प्लांटमध्ये इन्स्पेक्शन इंजिनियर आहे. गेल्या वर्षी तपासणीसाठी तो एका बंद टाकीत उतरलेला असताना आतले दिवे गेले आणि हवेचा पंखाही थांबला. त्याला बाहेर काढायला वेळ लागला. इजा झाली नाही, पण तेव्हापासून तो टाकीत उतरत नाही, ऑफिसातलं काम बघतो. घरी त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. मला कळलं ते त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून.

शुक्रवारी सकाळी लवकर निघालात तर दहरानपर्यंतचा हायवे रिकामा मिळतो. आम्ही दार उघडताउघडता पोचलो. पहिल्या दालनात अमेरिकेची रानं: भिंतभर पर्वत, धबधबे, अंगावर येणारे ढग. एक छोटी मुलगी आईला हिंदीत विचारत होती, यात माणूस कुठे आहे? आईला सापडेना. मी दाखवला. खाली कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढा, काठी टेकून उभा. त्या चित्रकारांना माणूस एवढाच हवा होता, आणि मला ते पटलं.

पाताळाचं दालन शेवटी. काळी नदी आणि तिच्यातला होडीवाला बघून मी म्हटलं, ही तर आपली वैतरणी. त्यापुढे एका ग्रीक कथेवरचं चित्र होतं. एक गायक मेलेल्या बायकोला पाताळातून वर नेतोय. मागे वळून बघायचं नाही ही अट. तो बघतो आणि ती जाते. शिरीष त्या चित्रासमोर खिळून उभा राहिला. मी घाई केली नाही.

"यांच्या पाताळातसुद्धा कुठून तरी उजेड येतो," तो म्हणाला. "आत तसा नव्हता."

मग आम्ही बाहेर गाडीकडे निघालो.

अबकैकवरून हुफूफकडे जाताना वारा असेल तर गाडी हळू चालवा, वाळू रस्त्यावर येते. जेवायला तिथल्या तांबड्या तांदळाचा भात आणि खजूर घातलेली रोटी घ्याच. दोन्ही पोटभरीचं आणि महाग नाही.

गुहेचं तिकीट फोनवरूनच काढून ठेवलं होतं. दारावरचा रक्षक दापोलीचा निघाला. आमचं मराठी ऐकून त्यानेच सांगितलं की वाटा अरुंद आहेत पण दिवे आहेत, आणि वाटेल तिथून परत फिरता येतं. शिरीषने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल."

आत गारवा होता. दोन्हीकडे उंचच उंच भिंती, मधे एक माणूस जाईल एवढीच वाट. एका वळणावर तो थांबला. खडकावर हात टेकले, श्वास मोठा झाला. परत जाऊ या, मी म्हटलं. त्याने मानेनेच नको म्हटलं आणि वर बघितलं. खूप उंचावर, फटीतून, आभाळाची एक पट्टी दिसत होती.

तिथेच उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. हाका मारल्या की आपलाच आवाज परत यायचा. मग तो टाकीतच खाली बसला आणि नाशिकच्या घरापासून शाळेपर्यंतची दुकानं एकेक आठवत राहिला.

"झाकण उघडलं तेव्हा मी रडलो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

मी त्याचा हात धरला. थोड्या वेळाने तो पुढे झाला, मी मागे. वाटेत दोनदा त्याने वळून बघितलं, आणि दोन्ही वेळा मी मागेच होते.

घरी येऊन आता महिना होतोय. शिरीष अजून टाकीत उतरत नाही, आणि उतरावं असं मला वाटतही नाही. प्रदर्शनातले ते पर्वत माझ्या डोळ्यांपुढून हळूहळू पुसट होतायत. राहिलं ते वेगळंच. गेल्या शुक्रवारी पुण्याहून आमच्या लेकीचा फोन आला, तेव्हा त्याने मला स्पीकर लावायला सांगितलं आणि टाकीतली सगळी हकीकत तिला स्वतः सांगितली, रडल्याचीसुद्धा.

"बाबा, यू नेव्हर टोल्ड मी."

"आता सांगितलं ना," तो म्हणाला, आणि तिची परीक्षा कशी चालली आहे ते विचारायला लागला.