आलुआनच्या चमच्याचे वळ

आलुआनचा चमचा पाठीवरून फिरला की दुखणं पळतं, असं आमच्या कालवांच्या गावात चाळीस वर्षं लोक म्हणत आले. चमचा साधाच, चिनी मातीचा. अंगाला तेल लावायचं आणि चमच्याच्या कडेनं कातडी खरवडत न्यायची. जांभळे वळ उठले म्हणजे आतलं विष बाहेर आलं. वळ जितका काळा, तितकी आलुआन खूश. बाई तोंडाची तिखट. कुणी कण्हलं की म्हणायची, "गप रे, डुकरं कमी बोंबलतात!" तरी लोक यायचे, कारण हाताला माया होती.

तिची भावजय सुग्योक मात्र कधी कण्हली नाही. ती किनाऱ्यावरच्या छपरात कालवं फोडायची. बोटांना शिंपल्याचे काप रोजचेच, त्याचं काय कौतुक! तिसऱ्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा ती दुपारपर्यंत फोडत बसली होती. यकृत वर्षानुवर्षं बिघडलेलं, पण ते दुखणंही तिनं घराबाहेर जाऊ दिलं नाही.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी ती हात छातीशी धरून आलुआनच्या दारात आली. अंगात ताप होता.

"वन्सं, जरा बघा ना. काल शिंपला लागला. आणि हा डाग सकाळी दिसला."

काप तांदळाच्या दाण्याएवढा. हात किंचित सुजलेला आणि मनगटाच्या वर बोराएवढा निळसर डाग. बाकी हात धडधाकट दिसत होता.

"एवढ्यासाठी आलीस? म्हातारी झालीस गं तू!"

"हसू नका. पदराचा वारा लागला तरी जीव जातो."

आलुआननं तेलाचं बोट टेकलं मात्र, सुग्योक अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. काप एवढासा आणि कळ एवढी! इथंच आलुआननं थांबायला हवं होतं. पण ती म्हणाली, "विष मुरलंय, दुखणारच," आणि मनगटापासून कोपरापर्यंत चमचा ओढला. हात काळानिळा झाला. आलुआनला बरं वाटलं. तो निळसर डाग त्या वळांत दिसेनासा झाला.

दुपारी कळ थांबेना तेव्हा तिनंच सुग्योकला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर को वयानं तरुण होता. महिन्यापूर्वीच एका म्हाताऱ्याची सोललेली पाठ पाहून त्यानं आलुआनला भर दवाखान्यात झापलं होतं. त्यानं सुग्योकचा हात उलटसुलट करून पाहिला.

"हे जांभळं सगळं खरवडल्याचं? की आधीपासून काही होतं?"

आलुआनला मागची बोलणी आठवली. डागावरच चमचा फिरवला म्हटलं तर हा पोरगा पुन्हा चारचौघांत अब्रू काढणार.

"सगळं माझंच," ती म्हणाली. "आधी काही नव्हतं."

डॉक्टर चिडला, पुटपुटला, दुखणं थांबायचं इंजेक्शन देऊन त्यानं दोघींना घरी पाठवलं.

संध्याकाळी हातावर काळसर पाण्याचे फोड आले आणि सुग्योक बरळू लागली. शहरातल्या इस्पितळात सर्जननं हात पाहताच चाकूची तयारी करायला सांगितलं. हा समुद्राच्या पाण्यातला जंतू, तो म्हणाला. यकृत खराब असलेल्या माणसाला गाठतो, कातडीखालून मांस कुजवत जातो. वरून फारसं दिसत नाही. जखमेला न शोभणारी कळ आणि एखादा डाग, सुरुवातीला एवढंच हाती लागतं. रात्रीच हात खांद्यापासून काढला. तिसऱ्या दिवशी सुग्योक गेली.

घरापुढे मांडव पडला. आलुआन कोपऱ्यात, मेलेल्या माणसासाठी जाळायच्या कागदांची कमळं दुमडत बसली होती. डॉक्टर को उदबत्ती लावायला आला, तसा तिचा भाऊ, सुग्योकचा नवरा बुनसिंग त्याच्या अंगावर धावला.

"आता आलास? डोळे फुटले होते तुझे? डॉक्टर म्हणवतोस आणि तुला एक हात ओळखता आला नाही?"

को मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं, काका. मी खोदून विचारायला हवं होतं." आलुआनकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"दादा, सोड त्याला," ती उठून म्हणाली. "त्यानं विचारलं होतं. डाग सकाळपासून होता. मी खोटं बोलले, मला बोलणी बसतील म्हणून."

बुनसिंग बहिणीकडे वळला.

"तेव्हा सुग्योक कुठं होती?"

"माझ्या शेजारी. स्टुलावर."

"तिला तर डाग ठाऊक होता. मग ती काही बोलली नाही?"

आलुआनला रडू फुटलं.

"बोलली ना. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि डॉक्टरला म्हणाली, 'वन्सं सांगतात तसंच आहे.'"