कागदी शेवंतीचा हार

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट पोटात ठेवली म्हणजे काय, हे आमच्या शनवारा मोहल्ल्यात कुणालाही विचारा. असीरगडावर वाघाला मी विडी पेटवून दिली, तापीच्या पुरात पलीकडच्या जैनाबादहून केळीच्या घडावर बसून अलीकडं आलो — हे मी चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगितलंय, की टपरीवालाच मध्ये माझं वाक्य पुरं करतो. पण हे नाही. हे जिभेपर्यंत येतं आणि — मी वाघ बाहेर काढतो.

टीव्हीवरच्या त्या गाण्याच्या स्पर्धा बघता ना तुम्ही? मी त्यांना अशा शिव्या घालतो, की लोकांचा चहा गार होतो. सगळं खोटं, म्हणतो. गाणं दोन मिनिटं आणि रडणं वीस मिनिटं! आणि ते खरंच आहे, बरं का. पण कागद कारखान्यातल्या फिटरच्या पोरीला त्या झगझगीत स्टेजवर दुसऱ्या कुणी उभं केलं असतं? माझी मंजू तिथं पहिल्यांदा गायली, तेव्हा अख्खी गल्ली श्वास रोखून बसली होती. तो आवाज खरा होता. खोटं जे होतं, ते — थांबा, येतो तिथं.

गाणं तिला शिकवलं तिच्या आईनं. सुमननं. कणीक मळता मळता. सूर चुकला की लाटणं पोळपाटावर आपटायची. माझा वाटा काय? रविवारी ‘वा’ म्हणणं.

मंजू मुंबईत होती. स्पर्धा चालू असेपर्यंत पोरांचे फोन ते लोक काढून घेतात. सुमन भुसावळला, आजारी भावाकडं. आणि नेमकी तेव्हाच टीव्हीची गाडी गल्लीत शिरली — मुलीचं घर दाखवायचं म्हणून. मी दाढी केली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुरू झालो. कारखाना सांगितला, पूर सांगितला, वाघसुद्धा सांगितला. कॅमेऱ्यामागच्या पोरानं जांभई दिली.

“अंकल, स्टोरी थोड़ी सूखी है।”

सूखी! मला! आयुष्यभर लोकांना खिळवून ठेवलेल्या माणसाला! आणि मला दिसलं, की तो आता कॅमेरा बंद करणार. मग मी — काय करावं मी?

मी म्हणालो, “आई नाही तिला.”

जांभई थांबली. मग काय, सुटलोच. रात्रपाळी करून आलो, पोरीच्या वेण्या घातल्या, एका हातानं भाकरी थापली, दुसऱ्या हातानं पेटी वाजवली. सुमननं केलेलं सगळं मी माझ्या नावावर सांगितलं, आणि ते सांगता यावं म्हणून तिला मारून टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं मला. त्या पोरानं फक्त विचारलं, फोटो है क्या?

फोटो होता. आमच्या लग्नानंतरचा, एकटीचा. आणि शेजारी माझ्या आईचा फोटो, हार घातलेला. तो हार सुमननंच केलेला — कारखान्यातून मी आणलेल्या वाया गेलेल्या कागदाची शेवंती, हळदीच्या पाण्यात रंगवलेली. मधोमध कागद कमी पडला, म्हणून तिथं एक फूल लाल लोकरीचं. ते लोक चहा पीत होते तेवढ्यात मी आईच्या फोटोवरचा हार काढला आणि सुमनच्या फोटोला घातला.

मंजूला हे ठाऊक नव्हतं. तिनं ते स्टेजवर पाहिलं, गाण्याच्या आधी, भल्यामोठ्या पडद्यावर. आईचा फोटो. हार. पोरीला वाटलं, आई गेली — आणि आपल्यापासून लपवलं. कॅमेरे तिच्याभोवती फिरत राहिले. तिच्या तोंडून एक सूर निघाला नाही. त्याच दिवशी ती स्पर्धेतून बाहेर पडली. फोन हातात मिळाल्याबरोबर तिनं आईला लावला.

“आई, तू आहेस ना?”

“अगं, आहे. मी कुठं जाते? पोहे करतेय,” सुमन म्हणाली.

मी दोघींना सांगितलं, टीव्हीवाल्यांनी केलं. हार त्यांनीच आणला, बोलणं कापून जोडलं. मला काय माहीत? पुढं तो भाग टीव्हीवर लागला, तेव्हा गल्ली आमच्याच खोलीत जमली होती. पडद्यावर ते लाल लोकरीचं फूल ताटाएवढं दिसलं.

शेजारीण चिडून म्हणाली, “वहिनी, जिंदा बाईला हार घालतात मेले! शरम नाही?”

हार तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पाठीमागं, भिंतीवर, परत माझ्या आईच्या फोटोवर होता. कुणी वळून पाहिलं नाही. सुमननंही नाही. तिला कशाला वळायला लागतंय?

“बाजारातून आणला असेल त्यांनी,” ती म्हणाली. आणि उठून कुकर लावायला गेली.

एवढंच. पुन्हा कधी विषय नाही. कणीक मात्र त्यानंतर मुकाट्यानं मळली गेली. ती एकदा ओरडली असती तर — नाही. तेही तिच्यावरच ढकलणं झालं.

मंजू आता इंदूरला एका शाळेत गाणं शिकवते. अजून म्हणते, “पप्पा, त्या लोकांना मी कधीच माफ करणार नाही.” मी म्हणतो, “करूच नको.”

सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. खरोखरची गेली. टीव्ही मी लावत नाही. भांड्यांचा आवाज होतो तो माझाच. गेल्या दिवाळीत मंजूनं विचारलं, आईच्या फोटोला हार का नाही? मी लगेच सांगितलं — मुंग्या! फौजच्या फौज, तापी ओलांडून येतात, रात्रीत हार उचलून जैनाबादला नेतात! पोरगी हसली. हसवता येतं मला अजून.

सुमनला हार मी घातलेला आहे. ती भुसावळला पोहे करत होती तेव्हा.