मिशीआडचं बोलणं

आजूबाजूच्या गावांतल्या आया आता मला बोलावतात. कुणाचं लेकरू नीट चालत नाही, कुणाचं चौथीत जाऊनही अक्षराला अक्षर लावत नाही, आणि त्याच्यासाठी शाळेत जाऊन काही मागायचं म्हटलं की आई दारातूनच माघारी फिरते. मग फोन येतो, "ताई, तुमी चला संगं." मी जाते. जीपमध्ये बसल्यावर त्या हमखास म्हणतात की तुम्ही लई धीट, भरल्या मिटिंगमध्ये भासऱ्यासमोर बोललात म्हणे. मी बाहेरची सोयाबीन बघत बसते. त्या मिटिंगचा विषय निघाला की आजही माझे कान तापतात.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्याच्या बायकोनं त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी बारावी शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा मनातल्या मनात हसले होते. हसू लवकरच जिरलं. बोलायचं ते मधल्या लेकराला. "सांग रे मोठ्या बाबाला, जेवण वाढलंय." मोठे बाबा हाताच्या अंतरावर बसलेले, सगळं ऐकलेलं, तरी पोरगं निरोप देईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. त्यांना काही हवं असलं की तेही म्हणायचे, "सांग रे काकूला." घरात लेकरू नसलं तर भिंतीला सांगायचं. भिंतीनं निरोप कधी चुकवला नाही, एवढं मात्र खरं.

भासऱ्यांचा गावात दरारा होता आणि त्यातला निम्मा मिशीचा होता. वरचा ओठ पूर्ण झाकणारी, दोन्ही बाजूंनी उतरलेली मिशी. चहा पिताना ती बोटानं वर सारावी लागायची. सासरे गेले तेव्हा दहाव्याला एकदाच ती उतरली. पुन्हा नीट येईपर्यंत भासरे जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला गेले नाहीत.

माझी मुलगी चालती-फिरती झाली तोवर पुतणे शाळेत जायला लागले होते, म्हणून निरोप्याचं काम तिच्याकडे आलं. मी म्हणायचे, "सांग मोठ्या बाबाला, पाणी तापलंय." ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. सासूबाई म्हणाल्या, घुमी आहे, बापावर गेली. बाप मेंढरांच्या मागं, दिवाळीनंतर घर सोडणारा, तो कुणाशी बोलणार होता? मीही तेच धरून चालले. मग एक दिवस भासरे ओसरीवरून भिंतीला म्हणाले, "पोरीला ऐकू येत न्हाई. मागून ताट वाजवलं तर वळंना." मला इतका राग आला की चुलीवरची भाकरी करपली. आई मी, आणि हे मला सांगणार? आत जाऊन मीही ताट वाजवलं. ती वळली नाही.

हिंगोलीला दवाखाना झाला, कानाला यंत्र आलं. यंत्रानं तिला आवाज कळायचा, शब्द कळायचा नाही. तो ती ओठांवरून उचलायची. हे मला शाळेत अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं शिकवलं, आम्ही त्यांना फिरत्या बाई म्हणायचो. ओरडू नका, समोर या, उजेडात तोंड धरून सावकाश बोला, असं त्या सांगायच्या. मी करून बघितलं आणि पोरगी घरात बोलायला लागली. आवाज मात्र नाकातून, मोठा, ओबडधोबड. पाहुणे आले की मी तिला आतल्या खोलीत खेळायला बसवायचे. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

ती दुसरीत असताना फिरत्या बाईंनी एक बातमी आणली. शाळेचं म्हणणं असं होतं की पोरगी मागे पडतेय, तिला शहरातल्या निवासी शाळेत घालावं, आणि येत्या शाळा समितीत तसा ठराव होणार होता. ती ओठ वाचतेय, तिला इथून हलवायचं काही कारण नाही, पण हे आईनंच तिथं म्हणायला पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. ठरावाच्या आधी बोला, एकदा कागद वर गेला की तो मागं आणायला जोडे झिजतात, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. त्यांची त्या दिवशी ड्यूटी दुसऱ्या गावात होती. आणि समितीचे अध्यक्ष कोण, तर आमचे भासरे.

नवऱ्याला फोन लावला. मागून मेंढरांचा कालवा. तो म्हणाला, "दादा हाय ना तिथं. तू काहून भिऊन राहिली?" त्याच्या दादाशी मी आठ वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, हे त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

मिटिंग वर्गातच होती. पुरुष बाकांवर, आम्ही चार बायका दाराजवळ सतरंजीवर, मी पदर नाकापर्यंत ओढलेली, मुलगी माझ्या मांडीशी. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी निवासी शाळेचं चांगलं वर्णन केलं, जेवण मिळेल, तिच्यासारख्या पोरी असतील म्हणाले, आणि भासऱ्यांकडे वळले. "तुमच्याच घरची लेक आहे. घरच्यांचं काय म्हणणं?"  भासऱ्यांनी माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं. त्यांनाही मला थेट विचारता येत नव्हतं.

 मलाही थेट बोलणं काही जमेना. मग जे हाताला सवयीचं होतं तेच मी केलं. मुलीला खिडकीच्या उजेडात ओढलं, पदर मागे सारला आणि तिच्यासमोर उकिडवी बसून म्हणाले, "सांग मोठ्या बाबाला. मी इथंच शिकणार. मला पुढं बसवा. गुरुजी, फळ्याकडं तोंड करून बोलू नका म्हणावं."

एवढं सगळं तिला कुठलं झेपणार? पण ती गेली. भासऱ्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि त्या नाकातल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मी इतंच."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? अभिमान वाटला, असं उत्तर त्यांना हवं असतं. मला लाज वाटली. भासऱ्यांची नाही, तिच्या आवाजाची. माझ्यासाठी माझंच म्हणणं घेऊन गेलेल्या माझ्या लेकीची मला गावासमोर लाज वाटली, आणि तिला मागे ओढून पदराखाली घ्यायला माझा हात पुढे झाला होता. तो सगळ्यांनी बघितला.

भासरे वाकून तिला म्हणाले, "शिकशील ना नीट?" ती नुसती बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिनं हात वर केला आणि त्यांची मिशी बोटानं वर सारली, चहा पिताना ते स्वतः सारायचे तशी. तिला ओठ बघायचे होते. आता सगळा वर्ग हसला. मी खाली बघितलं.

भासरे हसले नाहीत. तिची बोटं मिशीवर तशीच ठेवून त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, सावकाश. ती म्हणाली, "हो." ते गुरुजींना म्हणाले, "पोरगी इथंच ऱ्हाईल. तुमी तिच्याकडं बघून बोला." गुरुजींनी मान डोलावली. ठराव झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याकडून आले ते बिनमिशीचे. सासूबाईंनी बघितलं आणि त्या ओसरीवर मटकन बसल्या. आई जिवंत असताना पोरानं मिशी उतरवायची म्हणजे आईचं मरण चिंतल्यासारखं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी जिती हाय न्हवं अजून?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. बारीक करायची होती, उतरवायची काय गरज होती, असं पुढे कितीतरी दिवस त्या चुलीजवळ बडबडायच्या आणि मी भाकरी थापत मान खाली घालून ऐकायचे.

त्याच सकाळी भासऱ्यांनी मुलीला अंगणात उन्हात समोर उभं केलं, तिला काहीतरी म्हणाले, आणि ती धावत चुलीपाशी आली. "आई, च्या." त्यांचा निरोप तिनं पहिल्यांदाच आणला होता. चहा न्यायला मी तिलाच पाठवलं. त्या उघड्या, पांढुरक्या ओठाकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

बाजारात लोक त्यांना हळू आवाजात विचारायचे, कोण गेलं? ते म्हणायचे, "कोनी गेलं न्हाई. पोरीला दिसत नव्हतं." मिशी त्यांनी परत राखली नाही. पोरगी आता सातवीत आहे.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. दहाव्याला नदीवर न्हावी आला, पोरांना ओळीनं बसवलं. माझ्या नवऱ्याची मिशी उतरली, चुलत दिरांची उतरली. भासऱ्यांसमोर न्हावी वस्तरा घेऊन नुसता थांबला, आणि शेवटी डोक्यावरूनच फिरवून पुढे सरकला. आम्ही बायका लांब उभ्या होतो. मी पदरात तोंड घातलं. बाजूच्या बायकांना वाटलं, सून सासूसाठी रडतेय. त्या म्हातारीच्या वाट्याची मिशी माझी लेक आधीच घेऊन गेली होती, आणि त्याच लेकीच्या आवाजाची मला तेव्हा लाज वाटली होती.