बसून केलेली लढाई

पालेगावच्या त्या टॉवरच्या गेटवर सुदाम उभा असायचा. उभाच. सकाळी आठ ते रात्री आठ. सेक्रेटरी जयदेव साहेबांची गाडी आली की टाचा जुळवून सॅल्यूट, बाकीच्यांना नुसता हात. केबिनमध्ये एक खुर्ची होती, पण ती रात्रपाळीवाल्याची. दिवसा वॉचमन बसलेला दिसला की बिल्डिंगची शान जाते, असं एजन्सीच्या सुपरवायझरचं म्हणणं. त्यातून सुदाम पडला माजी सैनिक. कामावर ठेवताना सुपरवायझरने त्याचं डिस्चार्ज बुक चाळलं आणि ‘वर्तन: उत्कृष्ट’ एवढंच मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, मामा, तुम्ही फक्त गेटवर उभे राहा, बाकी काही करू नका.

बाकी काही करायचं नव्हतं, हेच तर दुखणं. गुडघे साठीच्या आधीच संपले होते. संध्याकाळी घरी आला की गंगू तेल कोमट करून त्याच्यासमोर बसायची. चोळता चोळता तिचं तोंडही चालायचं.

“सांगा ना त्यांना, खुर्ची द्या म्हणून. तोंड काय बॉर्डरवर ठेवून आलात?”

“मागायची सवय नाही, गंगू.”

“म्हणूनच मिळायची पण सवय नाही.”

ते खरंच होतं. सुदामचा बाप लोकांच्या भातखाचरात राबला. जिथे तो चिखल तुडवायचा तिथेच आता हा टॉवर उभा आहे. पोरगा भरतीला गेला, छाती भरली, धावण्यात टिकला, आणि साहेबांनी विचारलं, गाडी येते का? येत नव्हती. हो म्हणाला. मग सतरा वर्षं गाडीच चालवली. पठाणकोट, तेजपूर, पुन्हा वर. बायको इकडे, तो तिकडे. मुलगी पायल झाली तेव्हा तो कुठल्याशा घाटात पंक्चर काढत होता.

आणि कारगिलचं साल. वर जाताना घासलेट, रेशन, तोफेचे गोळे; खाली येताना जखमी. दिवे लावायचे नाहीत. पुढच्या ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खालच्या अंगाला, एक पांढरा ठिपका रंगवलेला असतो, त्यावर इवलासा उजेड. तेवढ्या ठिपक्यामागे जायचं. ठिपका डावीकडे गेला की आपण डावीकडे. उजवीकडे दरी. शेजारच्या सीटवर राजरत्न नावाचा अकोल्याकडचा पोरगा. झोप येऊ नये म्हणून तो सुदामला गावाकडच्या भानगडी सांगायचा. त्याची एक मामी, तिची एक म्हैस, आणि म्हशीवरून भावकीत पेटलेलं भांडण. ते भांडण काही संपायचं नाही.

एकदा रस्त्यावर गोळे पडले. काच गेली. राजरत्न मध्येच गप्प झाला आणि सुदामच्या खांद्यावर कलंडला. सुदाम म्हणाला, सरळ बस रे, स्टिअरिंग फिरवता येत नाही. मागे जखमी, त्यांच्या मागे सगळी रांग, थांबायला जागा नाही. खाली तळावर पोचेपर्यंत तो त्याला सरळ बस म्हणत राहिला. तिथे दोघांनाही उचलूनच उतरवावं लागलं. राजरत्नला एका बाजूने, आणि पाय सरळ होईनात म्हणून सुदामला दुसऱ्या.

हे त्याने गंगूला एकदाच सांगितलं होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

जानेवारीत जयदेव साहेबांनी ठरवलं की यंदा झेंडा आपल्या सुदाममामांच्या हस्ते. गेटवर फ्लेक्स लागला. सुदामचा पासपोर्ट फोटो, त्याच्यामागे बर्फाचं शिखर, दोन विमानं, आणि खाली ‘कारगिलचा वाघ’. सुदामने तो वाचला आणि त्याच्याच खाली उभा राहून साहेबांना सॅल्यूट ठोकला.

“ह्या वेळी माईक हातात येईल,” गंगू म्हणाली. “आता नाही बोललात तर मरेपर्यंत उभे राहाल.”

सव्वीसला झेंडा वर गेला. शाल, श्रीफळ झालं. मग जयदेव साहेबांनी माईक पुढे केला आणि म्हणाले, शिखर कसं काबीज केलंत ते आमच्या मुलांना सांगा, मामा.

सुदामने माईक दोन्ही हातांनी धरला.

“शिखर मी बघितलं नाही, साहेब. मी ड्रायव्हर. रस्ता बघितला.”

लोक थोडे हसले. कुणीतरी टाळीही वाजवली.

“सगळी लढाई मी बसून केली. एक दिवस उभा राहून नाही केली. तिथे सरकारने सीट दिली होती. इथे दोन वर्षं उभा आहे. गुडघे गेले माझे. मला गेटवर एक खुर्ची पाहिजे. एवढंच बोलायचं होतं. जय भीम, जय हिंद.”

टाळ्या पडल्या, पण कुठे थांबवायच्या ते कुणाला कळेना. जयदेव साहेब हसत म्हणाले की मामांचा स्वभाव मोठा विनोदी, आणि विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. मग वडापाव वाटले.

मीटिंगच्या आधीच सुपरवायझरचा फोन आला. आवाज चढवला नाही त्याने. उलट थकलेलाच वाटला. म्हणाला, मामा, चारचौघांत कशाला काढलंत? सोसायटीवाले आता म्हणतात की दुसरा तरुण माणूस द्या. खरवईला एक साईट आहे, काम अर्धवट पडलंय, सिमेंट आणि सळया सांभाळायच्या. पगार तोच. माणूसबिणूस नाही तिथे.

“बसायला?”

“बसा ना. कोण बघतंय तिकडे.”

सुदाम सोमवारी खरवईला गेला. सात मजल्यांचा सांगाडा, बाजूला पत्र्याची शेड, आत लाल प्लास्टिकची खुर्ची. त्याने ती उन्हात ओढली, फडक्याने पुसली आणि हळूच बसला. गाडी नाही, साहेब नाही. लांबवर एक कुत्रं आणि त्याच्याकडे बघणारा तो.

दुपारी गंगूचा फोन आला. “मिळाली का?”

“मिळाली. एक हात मोडलाय तिचा.”

“तुमचे दोन आहेत ना,” गंगू म्हणाली. “बसा मग.”

तो बसला होताच. फोन ठेवल्यावर त्याने पाय लांब केले. पहिल्यांदा डावा, मग बऱ्याच वेळाने उजवा.